नाव ठेवणे, नावे ठेवणे

उन्हाळ्यात सकाळची आमटी संध्याकाळी पळीने उचलावी आणि पळीमागे बारीक दोरा लोंबावा, की घरात एकच निवाडा होतो: ‘तार आली.’ त्यावर अपील नाही. आमटी मोरीत जाते. हीच तार साखरेच्या पाकाला आली तर तिचे कौतुक. एकतारी, दोनतारी असे मोजमाप करून तिच्यावर लाडू वळले जातात. आणि भेंडीच्या भाजीला सुटली तर करणारीला नावे ठेवली जातात. पाकाची तार आटवलेल्या साखरेची, भेंडीची तार भेंडीच्या अंगची, शिळ्या आमटीची तार जिवाणूंनी ओढलेली. कारणे तीन, शब्द एक. मराठीने कारण विचारलेच नव्हते. बोटाला काय लागले तेवढे पाहिले आणि नाव ठेवले.

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीत एका अनुस्वाराचेही अंतर उरलेले नाही, फक्त वचनाचे आहे. जिवाणूंनी तयार केलेल्या चिकट पदार्थांच्या बाबतीत तर ते अंतरही पुसट होते. हे पदार्थ आज औषधात, आइस्क्रीममध्ये, तेलविहिरींत आणि केळीच्या रोपांच्या बाटल्यांत कामाला येतात. ते करणारे कित्येक जिवाणू झाडांच्या आत राहतात, उसाच्या कांड्यात, कोबीच्या शिरांत, भाताच्या पात्यात. पण त्यांची नावे पाहिली तर दिसते, की नाव देणाऱ्याने कुठे बोट वापरले आहे, कुठे नाक, कुठे नळीतून पाहणारा डोळा. आणि ज्याने जे इंद्रिय वापरले तसा त्याचा ग्रह झाला आहे.

तमिळनाडूत तंजावूरजवळच्या कुंभकोणमात तार या प्रकरणाचा निवाडा दोन भाषांत होतो. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावूरची गादी घेतली, ती भोसल्यांकडे १८५५ पर्यंत राहिली. त्या काळात कावेरीच्या काठी येऊन स्थिरावलेल्या देशस्थ घरांतून आजही तंजावुरी मराठी बोलली जाते. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावात, अशाच एका घरात. या घरांत पीठ मराठीत भिजते आणि तमिळमध्ये आंबते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बुळबुळीत पदार्थाला तमिळमध्ये ‘कोळकोळ’ म्हणतात. त्यातला ळ आपल्या ळहून वेगळा, जीभ मागे वळवून पण टाळूला टेकू न देता काढलेला. निसरडे, गुळगुळीत ते ‘वळवळ’. चिकट लागते ते ‘पिसुपिसु’. आपल्याकडे बुळबुळ, लिबलिब, चिकचिक. दोन्हीकडे शब्द जोडीनेच येतात, कारण अशा वस्तूला माणूस एकदा बोट लावून थांबत नाही, दोन बोटे एकमेकांवर घासून पाहतो. वळवळ मात्र फसवी. मराठी माणसाने तो शब्द ऐकला तर ताटात अळी शोधायला लागेल.

‘पिसुपिसु’च्या गोतावळ्यातलाच तमिळ शब्द ‘पिसिन’, म्हणजे डिंक. बदाम पिसिनचे चार खडे रात्री पाण्यात टाकले तर सकाळी वाटीभर पारदर्शक गोळे होतात. उन्हाळ्यात ते थंड दुधात घालून पितात. झाडाच्या सालीतून बाहेर आलेला चिकटपणा दोन्ही भाषांत मानाचा आहे. आपल्याकडे तर डिंकाचे लाडू बाळंतिणीचे. हाच चिकटपणा झाडाऐवजी जिवाणूने केला की त्याला डिंक म्हणायची कोणाला इच्छा होत नाही. तिथे शेंबूड आठवतो.

आणि शेंबूड अगदी खरोखर आठवला आहे. इडलीचे पीठ फुगवण्यात ज्या जिवाणूचा मोठा वाटा, त्याचे नाव ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. १९६० च्या दशकात इडलीच्या पिठाचा अभ्यास झाला तेव्हा तो त्यात प्रमुख ठरला. तो बाहेरून घालावा लागत नाही, उडीद आणि तांदूळ यांच्याबरोबरच येतो. रात्री डाळ वाटून, मीठ घालून, हाताने कालवून भांडे झाकून ठेवले की सकाळी पीठ काठाला येते. डाव बुडवून उचलला तर पीठ तुटक न पडता सलग ओघळते. त्या ओघळण्यात उडदाचा स्वतःचा चिकटपणा बराच आहे, हवेचे बुडबुडे तो धरून ठेवतो. बुडबुडे मात्र या जिवाणूने सोडलेले.

आता त्याचे नाव सोडवू. ल्युको म्हणजे पांढरा. नोस्टॉक हा शब्द सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने घडवला, पावसानंतर जमिनीवर दिसणाऱ्या हिरवट जेलीच्या गोळ्यांसाठी. इंग्रजीतली नाकपुडी आणि जर्मनमधले नाकाचे छिद्र यांची मोडतोड करून त्याने तो केला, असा त्याचा उलगडा सांगतात. कारण गोळे नाकातून आल्यासारखे दिसत. मग फ्रेंच शास्त्रज्ञ फान टिगेम यांनी १८७८ मध्ये साखर कारखान्यातल्या चिकट गोळ्यांतला जिवाणू ओळखला तेव्हा त्याला म्हटले पांढरा नोस्टॉक. सरळ मराठीत सांगायचे तर पांढरा शेंबूड. जर्मनीतल्या बीट-साखरेच्या कारखान्यांतल्या लोकांचा त्याच गोळ्यांसाठी स्वतःचा शब्द होता, बेडकाची अंडी. मला तो जास्त आवडतो. त्यात किळस कमी आणि निरीक्षण जास्त आहे. नोस्टॉकच्या घराण्यातला एक निळा-हिरवा जिवाणू, पूर्वी ॲनाबिना म्हणून ओळखला जाणारा, अझोला नावाच्या तरंगत्या नेच्याच्या पानातल्या पोकळीत कायमचा बिऱ्हाड करून राहतो. पोकळीत त्याच्याभोवती गोंदासारखा द्रव असतो. भाताच्या खाचरात हा अझोला मुद्दाम वाढवतात, कारण आतला भाडेकरू हवेतला नत्र धरतो.

नाकाचा विषय निघालाच आहे तर, कुंभकोणमचे जुने तमिळ नाव ‘कुडमूक्कु’. कुडम् म्हणजे घडा, मूक्कु म्हणजे नाक. घड्याचे नाक, म्हणजे तोटी किंवा तोंड. संस्कृतने त्यातला कुंभ ठेवला आणि नाकाच्या जागी कोन बसवला. प्रतिष्ठितांच्या भाषेत नाकाला नेहमीच थोडी कमी जागा मिळते.

साखर कारखान्याकडे पुन्हा वळू, कारण डोळ्याने ठेवलेली नावे तिथली आहेत. ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गाळला पाहिजे हे आपल्याकडे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. ऊस शिळा झाला, जळका असला, वर पाऊस पडला, तर तोडलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक आत शिरतो आणि साखरेचा डेक्स्ट्रान करतो. कारखान्यात सगळे ‘डेक्स्ट्रान’च म्हणतात, भाषांतराच्या वाटेला कोणी जात नाही. रस घट्ट होतो, गाळण्या तुंबतात, साखरेचा दाणा चौकोनी न होता सुईसारखा लांबतो. आणखी एक खोडी तो करतो. रसात साखर किती हे पोलारिमीटर नावाच्या यंत्राने पाहतात. नळीतून ध्रुवित प्रकाश सोडायचा आणि तो किती अंश वळला ते वाचायचे. याला कारखान्यात ‘पोल’ म्हणतात. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते. डेक्स्ट्रानही उजवीकडेच वळवतो, आणि तोही साखरेच्या सुमारे तिप्पट. म्हणजे पोल वाढलेला दिसतो, साखर मात्र पोत्यात येत नाही. रिकव्हरीचा हिशेब जुळेनासा झाला की केमिस्टला डेक्स्ट्रानचा संशय येतो.

डेक्स्ट्रान हे नाव या उजवेपणावरूनच पडले. हा पदार्थ चिकट आहे, रस नासवतो, हे लुई पाश्चरनेही १८६१ मध्ये नोंदवले होते. पण १८७४ साली शायब्लर या जर्मन रसायनज्ञाने नाव ठेवले ते बोटाला न विचारता, नळीत डोकावून. लॅटिनमध्ये डेक्स्टर म्हणजे उजवा. आणि लॅटिनचा डेक्स्टर, ग्रीकांचा डेक्सिओस आणि आपला दक्षिण हे सख्खे भाऊ. पूर्वेला तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. उजवा हात कुशल म्हणून दक्ष. ऋत्विजाला उजव्या बाजूने आणून दिलेली गाय म्हणून दक्षिणा, असे तिचे स्पष्टीकरण देतात. देव उजव्या हाताला ठेवून फिरणे ती प्रदक्षिणा. तमिळमध्ये उजव्याला ‘वलम्’ म्हणतात आणि प्रदक्षिणेला ‘वलम् वरुदल्’, उजवे येणे. म्हणजे दोन वेगळ्या भाषाकुळांनी देवळाभोवती फिरताना एकच खूण वापरली. कुंभकोणमसारख्या देवळांच्या गावात हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल! डेक्स्ट्रानच्या द्रावणातून जाणारा प्रकाशही वलम् जातो.

मराठीतला उजवा मात्र या कुटुंबातला नाही. तो ऋजूपासून आला, म्हणजे सरळ तो उजवा. डावा देशी शब्द आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशी शब्द गोळा केले त्यात त्याचा पूर्वज डाव्या हातासाठी सापडतो. डाव्याला सभ्य संस्कृत शब्द हवा तर ‘सव्य’ आहे, पण त्याने स्वतःच इतका गोंधळ घातला, की जानवे इकडून तिकडे करणारे ‘सव्यापसव्य’ मराठीत नुसत्या यातायातीचे नाव होऊन बसले.

डाव्या डिंकाचीही कथा उसातलीच आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सिडनीत ग्रेग-स्मिथ यांना उसाच्या साखरेत दुसरा एक जिवाणूजन्य डिंक सापडला. तो प्रकाशाला डावीकडे वळवत होता. लॅटिन लेव्हस म्हणजे डावा, म्हणून नाव लेव्हान. यात गंमत अशी की आपण खातो त्या साखरेचा प्रत्येक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन अर्ध्यांचा असतो. जुन्या पुस्तकांत ही दोन अर्धी अनुक्रमे डेक्स्ट्रोज आणि लेव्ह्युलोज, उजवे आणि डावे. ल्युकोनोस्टॉक उजवे अर्धे जोडत जातो आणि डावे टाकून देतो. लेव्हान करणारे जिवाणू डावे जोडतात आणि उजवे टाकतात. एकाच पानावरचे दोन जेवणारे, एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे पक्वान्न.

लेव्हान करणाऱ्यांपैकी एकाला आपण आपल्या शेतात विकत आणून घालतो. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये कॅव्हलकांटी आणि योहाना ड्यूबेरायनर यांनी उसाच्या मुळांतून आणि कांड्यांतून एक आम्ल सोसणारा जिवाणू वेगळा केला. गोड रसात राहून हवेतला नत्र धरणारा. नाव ॲसेटोबॅक्टर डायॲझोट्रॉफिकस. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला ग्लुकोनॅसेटोबॅक्टर केले, पण मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या जिवाणू खतापासून बांधावरच्या गप्पांपर्यंत तो अजून ‘ॲसेटोबॅक्टर’च आहे. बेणे या द्रावणात बुडवून लावतात. युरिया थोडा वाचतो म्हणून शेतकरी त्याला ओळखतो. तो कांड्याच्या आत लेव्हानही करतो, याची दखल फक्त प्रयोगशाळेत घेतली जाते.

असे झाडाच्या आत, झाडाला आजारी न पाडता राहणारे जे जीव, त्यांना एंडोफाइट म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दे बारी यांनी १८६६ मध्ये वापरात आणला. तेव्हा त्याचा अर्थ ढोबळ होता, आत राहणारा कोणीही. ग्रीक एंडॉन म्हणजे आत. पण हे ‘आत’ कशाच्या आत? व्युत्पत्तिकार म्हणतात, घराच्या. त्यातला दोम म्हणजे घर, आणि तोच वेदातला दम, ज्याचा पती तो दंपती; पुढे नवराबायको दोघांनी मिळून तो शब्द वाटून घेतला. फाइट म्हणजे वनस्पती, वाढणारी. तिचे मूळ आपल्या ‘भू’ धातूचे, होणे, वाढणे. म्हणजे एंडोफाइट हा ग्रीक कपड्यातला चक्क ओळखीचा माणूस आहे. मराठीत त्याला अंतर्वासी म्हणतात. मला यात जुना ‘अंतेवासी’ ऐकू येतो, गुरूच्या घरी राहून शिकणारा विद्यार्थी. अर्थ वेगळा, ‘अंते’ म्हणजे जवळ आणि ‘अंतर्’ म्हणजे आत. पण नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने स्थापलेली वेदपाठशाळा ज्या गावात आहे, त्या कुंभकोणमात तरी अंतेवासी हा शब्द कोशातला वाटत नाही.

घरात शिरायला परवानगी लागते, आणि इथेच चिकट पदार्थाचे काम सुरू होते. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमच्या कुळातल्या जिवाणूवर अमेरिकेत जे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात बाहेरचा डिंक करण्याची शक्ती गमावलेले जिवाणू मुळाला लावून पाहिले. झाडाने गाठी धरल्या, पण त्या रिकाम्या. पाहुणा उंबऱ्यावरच राहिला, केसासारख्या मूलरोमातून आत जाणारी वाट त्याला पुरी करता आली नाही. म्हणजे ज्याला आपण बुळबुळ म्हणून नाक मुरडतो ती त्या जिवाणूची ओळखपत्रिका. शिवाय कोरड्या दिवसांत ती पाणी धरते, आणि मातीत सांडली तर वाळूचे कण एकमेकांना चिकटवून मुळाभोवती मातीचा ओलसर आवरण आवळून ठेवते.

वाळू चिकटवणारी साखर! इथे शर्करेची गोष्ट सांगायलाच हवी. शर्करा म्हणजे मुळात साखर नव्हे. शर्करा म्हणजे खडी, रेताड, पायाला टोचणारा बारीक खडा. पाणिनीने सिकता आणि शर्करा, म्हणजे वाळू आणि खडी, यांना एका सूत्रात शेजारी बसवले आहे. तिथे गोडाचा प्रश्नच नाही, खडकाळ प्रदेशाला काय म्हणावे एवढाच विषय आहे. वैद्यकात मूत्रातल्या खड्यांनाही शर्करा म्हटले. उसाचा रस आटवून, गार करून त्याचे दाणे पाडता येऊ लागले तेव्हा त्या दाण्यांना खडीचे नाव मिळाले. पुन्हा बोटानेच नाव ठेवले, किंवा दाताने. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो, की हिंदुस्थानात बोरूतून निघणारा एक मध असतो, मिठासारखा घट्ट, दाताखाली तुटणारा, आणि त्याला साक्खारॉन म्हणतात. प्राकृतातली सक्खरा तिथे पोचली होती. इराणात ती शकर झाली, अरबस्तानात सुक्कर, लॅटिनमध्ये सॅकॅरम. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रसायनज्ञांनी तिला उचलून सॅकराइड केले, आणि अनेक शर्करा एकमेकांत गुंफून झालेल्या लांब साखळीला पॉलिसॅकराइड. तोवर आपल्याकडे शर्करेची साखर झाली होती. तमिळमध्ये ‘सर्क्करै’. खडीसाखरेला तमिळ शब्द ‘कल्कण्डु’ किंवा ‘कर्कण्डु’. कल् म्हणजे दगड आणि कण्डु म्हणजे आपले खंड, खांड. दगडाची खूण त्यांनीही सोडली नाही. मराठीत तर खडी आणि साखर जोडून म्हणताना आपण एकाच अर्थाचे दोन शब्द एकावर एक ठेवतो, फक्त त्यातला एक कधीच गोड झाला आहे.

कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वराची कथा इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. प्रलयात वाहत आलेला अमृताचा घडा शिवाने बाण मारून फोडला, सांडलेल्या अमृतात वाळू कालवून लिंग केले, म्हणून गाव कुंभकोणम. ते लिंग वाळूचे म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. कथेत अमृताने जे केले ते शेतातल्या मातीत जिवाणूंचा डिंक करतो, आणि ज्या शर्करेची ती साखळी, तिचे नाव मुळात वाळूच्याच शेजारणीचे.

नाकाने ठेवलेले नाव पाहायचे तर कोबीच्या वाफ्यात जावे लागेल. कोबीच्या पानाची कड इंग्रजी व्ही अक्षरासारखी पिवळी पडते, शिरा काळ्या पडतात, पुढे गड्डा सडतो. आपल्याकडे शेतकरी याला ‘घाण्या’ म्हणतात. घाण हा शब्द संस्कृत घ्राणापासून आला, म्हणजे वास आणि वास घेणारे नाक. वास चांगलाही असू शकतो, पण मराठीने घ्राणाला फक्त वाईट बाजू दिली. घाण्याला कारण असणारा जिवाणू झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस. हा अंतर्वासी नव्हे, घरफोड्या. पानाच्या कडेच्या पाणझिरप्यांतून शिरतो आणि पाण्याच्या नळ्यांत राहून त्या आपल्या डिंकाने तुंबवतो. झँथॉस म्हणजे पिवळा, कारण प्रयोगशाळेतल्या थाळीवर त्याची वसाहत पिवळीधमक, चकचकीत दिसते. डोळ्याचे नाव. त्याचा डिंक तो झँथन. अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर काम केले. १९६९ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने तो खाण्यात वापरायला मान्यता दिली. चिमूटभर घातला तर सॉसला बाटलीत पाणी सुटत नाही, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत, तेलविहीर खणताना दगडाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. आपण घाण्या म्हणून उपटून बांधावर फेकतो त्याच जिवाणूच्या डिंकावर दूरदेशी कारखाने चालतात.

त्याचाच भाऊबंद भातावर येतो. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या सांबा हंगामात, किंवा आपल्या कोकणात, कडा करपा पडला की पहाटे पात्याच्या कडेवर दुधी थेंब दिसतात. दव नव्हे. ऊन चढले की ते वाळून पिवळसर मणी होतात, नखाने खरवडले तर निघतात. पात्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरला तर कापलेल्या टोकातून काही वेळात पांढरट धूर सुटल्यासारखा द्रव खाली उतरतो. जिवाणू आणि त्यांचा डिंक. शेतावर निदान करायची ही सोपी रीत आहे. त्या धुराला मराठीत शब्द नाही. कृषी सहायक ‘ऊझ’ म्हणून मोकळे होतात.

जेलान या चौथ्या डिंकाचे नाव कोणाच्याच इंद्रियाने ठेवलेले नाही, ते कंपनीने ठेवले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या केल्को कंपनीला एलोडिया या पाणवनस्पतीवर तो करणारा जिवाणू मिळाला. तो जेल करतो म्हणून जेलान; काम झाले. केळीची उतिसंवर्धित रोपे करणाऱ्या प्रयोगशाळांत अगरऐवजी तो वापरता येतो, आणि काचेसारखा स्वच्छ असतो हा त्याचा गुण. त्या स्वच्छपणामुळेच केळीच्या कोंबात आधीपासून राहणारे जिवाणू उघडे पडतात. कोंबाला औषध लावून बाहेरून कितीही निर्जंतुक केले तरी महिन्या-दोन महिन्यांनी बुडाभोवती दुधी वलय दिसते. एका जिवाणूच्या डिंकात दुसरा जिवाणू रंगेहाथ सापडतो. बाटली बाद.

नवे शब्द घडवायची हौस तंजावूर-मराठ्यांच्या शेजारात जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश झाला, त्यामागचे रघुनाथपंत हणमंते हे आधी तंजावुरात व्यंकोजीराजांकडे कारभारी होते. त्यातले पुष्कळ शब्द कोशातच राहिले, लोकांनी दिवाण दिवाणच ठेवला. बहुशर्करा, बाह्यकोशिकीय बहुशर्करा असले आजचे शब्द वाचताना मला त्या कोशाची आठवण होते. शब्द चुकीचे नाहीत. पण उच्चारताना दमछाक होते, आणि ‘शर्करा’ ऐकून मधुमेही माणूस विनाकारण घाबरतो.

डिंक हा शब्द मात्र मोकळा आहे आणि ती वस्तू जगात फिरलेलीही. धावड्याच्या डिंकाला जगाच्या बाजारात ‘गम घाटी’ म्हणतात, कारण तो घाटातून उतरून बंदरावर येत असे; मुंबईत ज्या शब्दाने आपण आपल्याच माणसांना हिणवले तो शब्द परदेशी कारखान्यांच्या मालयाद्यांत अदबीने छापला जातो. ग्वार गममध्ये आपली गवार आहे. मग झँथनचा डिंक, जेलानचा डिंक, डेक्स्ट्रानचा डिंक म्हणायला कोणाची हरकत असावी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये ग्रोनवाल आणि इंगेलमान यांनी डेक्स्ट्रान शुद्ध करून रक्तद्रवाऐवजी शिरेतून द्यायला वापरला. साखर कारखान्यात शिव्या खाल्लेल्या त्या लिबलिबीत गोळ्याला एवढी पदवी तरी मिळायला हवी. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘स्टॅबिलायझर, आयएनएस ४१५’ छापलेले असते. त्या ओळीत ‘जिवाणूडिंक’ हा शब्द सहज मावतो, आणि वाचणाऱ्याने नाक मुरडलेच तर ते निदान कशाला मुरडले हे त्याला कळेल.